बंपरमध्ये दडवलेले लोखंड : स्पोर्ट्स कारची चाके, टायर आणि सस्पेन्शन यांची कहाणी

#थ्रेड #इतिहास

१/ १९६० च्या दशकाच्या मध्यास श्टुटगार्टच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या काही पोर्श ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरआड, दोन्ही कोपऱ्यांत, ओतीव लोखंडाचा एकेक ठोकळा बसवलेला असे. प्रत्येकाचे वजन सुमारे ११ किलो. ज्या गाडीतून वेगासाठी एकेक किलो कमी करायचा, तिच्यातच २२ किलो लोखंड मुद्दाम का भरले असावे? या प्रश्नाचा माग काढत गेले, की स्पोर्ट्स कारचे चाक, टायर आणि सस्पेन्शन यांचा मोठा इतिहास उलगडतो.

२/ आधी थोडे गणित. एका चाकावर सुमारे २७० किलो भार आणि टायरमध्ये साधारण २ बार हवेचा दाब धरला, तर त्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम ११-१२ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा भरतो. म्हणजे एक तळहात. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे या चार तळहातांएवढ्या जागेतून होतात. इंजिनाची सारी ताकद शेवटी तेथेच रस्त्यावर उतरते.

३/ या चार तळहातांचे राखणदार तिघे. टायर रस्ता धरतो. चाक टायरला रुंदी आणि आधार देते. सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकाला गाडीशी जोडणारे दांडे, टायरला रस्त्यावर सपाट टेकवून ठेवते. तिघांपैकी एक बदलला की उरलेल्या दोघांचे काम बदलते. हे साधे सूत्र उमगायला मोटारजगताला अनेक दशके लागली आणि त्याची किंमत काहींना जीव देऊन मोजावी लागली.

४/ हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन याने घेतले, पण काळाच्या ओघात ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती कल्पना नव्याने साकारली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार उतरवली. वाटेत टायर पुनःपुन्हा फुटले, तरी मोटारीचे भवितव्य हवेवरच तरंगणार हे त्या शर्यतीने दाखवून दिले.

५/ १९२४ च्या ऑगस्टमध्ये ल्यों येथील ग्रां प्री शर्यतीत एत्तोरे बुगात्ती यांनी ‘टाइप ३५’ आणली. तिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. तारांच्या आऱ्यांच्या त्या काळात ही क्रांतीच होती. शर्यतीत मात्र टायरांनी दगा दिला. त्यांचे वरचे रबर सुटून येऊ लागले आणि बुगात्तीचे यश हुकले. पुढे हीच गाडी शर्यतींच्या इतिहासातील अत्यंत यशस्वी गाड्यांपैकी एक ठरली. चाक उत्तम असूनही टायर कच्चा असेल तर काय होते, याचा धडा मात्र पहिल्याच दिवशी मिळाला.

६/ आता पोर्शकडे वळू. १९४८ मध्ये जन्मलेल्या पोर्श ३५६ ने फोक्सवॅगन बीटलकडून दोन गोष्टी घेतल्या : मागे बसवलेले इंजिन आणि मागचा ‘स्विंग ॲक्सल’. या रचनेत मागच्या धुरीचे दोन्ही भाग मधल्या गिअरपेटीपाशी बिजागरीसारखे हलत. रचना स्वस्त, हलकी आणि खडबडीत रस्त्यावर सुखाची. दोष दिसे तो जोरात घेतलेल्या वळणावर.

७/ अशा वळणावर बाहेरच्या चाकाचा रेटा गाडीचा मागचा भाग वर उचलू लागे. तो उचलला की धुरीचा कोन बदले आणि चाक तळाशी आत मुडपे. सपाट टेकलेला तळहात कडेवर येई, पकड सुटे आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाई. चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की भार पुढे सरकून मागची चाके अधिकच हलकी होत. सावध होण्याची सहज प्रेरणाच येथे घातक ठरे.

८/ हीच रचना अमेरिकेत शेवरोलेच्या ‘कॉर्व्हेर’ने १९६० पासून वापरली. तिचा तोल टायरमधील हवेच्या दाबावर सांभाळलेला होता : टायर थंड असताना पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय. पुढचे टायर जाणूनबुजून मऊ, म्हणजे मागच्या आधी पुढची पकड ढळावी आणि शेपटी जागेवर राहावी. पण पेट्रोल पंपावर चारही टायरांत सारखीच हवा भरण्याची सवय सर्वत्र होती. एवढ्या एका सवयीने अभियंत्यांचा हिशेब कोलमडे.

९/ १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात कॉर्व्हेरवर घणाघात झाला. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारी तपासणीने ही गाडी तिच्या काळातील इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला. वाद शमला नाही; मात्र टायरचा दाब हासुद्धा सस्पेन्शनचाच एक भाग आहे, ही गोष्ट सर्वसामान्यांच्या चर्चेत आली.

१०/ बाहेरून विकत घेऊन बसवायच्या सुट्या भागांची बाजारपेठ अशाच उणिवांवर वाढली. कॅलिफोर्नियातील ‘एम्पी’ ही कंपनी स्विंग ॲक्सलच्या गाड्यांसाठी ‘कॅम्बर कॉम्पेन्सेटर’ विकत असे. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी ही आडवी पाटा-स्प्रिंग चाकाला आत मुडपू देत नसे. पोर्शनेही ‘३५६ सुपर ९०’ मध्ये अशीच स्प्रिंग दिली. म्हणजे गाडीत हौसेने बदल करण्याच्या या परंपरेच्या मुळाशी केवळ नटवणे नव्हते. वळणावरून जिवंत परतण्याची निकडही होती.

११/ सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शची नवी गाडी ‘९०१’ या नावाने झळकली. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि १९६४ मध्ये तिची ‘९११’ झाली. स्विंग ॲक्सल जाऊन मागे नवे, तिरके बसवलेले दांडे आले. स्प्रिंगांच्या जागी पीळ सोसणाऱ्या पोलादी सळया, म्हणजे टॉर्शन बार होते. चाके अवघी साडेचार इंच रुंद, टायर १६५ मिलिमीटरचे. पण सहा सिलिंडरचे इंजिन अजूनही मागच्या धुरीच्याही मागे लटकलेलेच होते.

१२/ हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवला की त्याचे जड डोके सर्वांत बाहेर फेकले जाते. वळणावर ९११ चे तसेच होई. सरळ रस्त्यावर तिचे नाक हलके, तर वळणात पाय काढला की शेपटी जड. त्या बंपरमधील लोखंडाचे रहस्य हेच. मागचे वजन हलवता येत नव्हते, म्हणून पुढे टोकाशी वजन ठेवून तोल साधला गेला. उपाय कामचलाऊ होता आणि कारखान्यालाही त्याची जाणीव होती.

१३/ खरा उपाय १९६९ च्या मॉडेलमध्ये आला. मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली गेली. दोन धुऱ्यांमधील अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झाले. इंजिन जवळपास होते तेथेच राहिले, चाके मात्र त्याच्या जवळ गेली. मोठ्या एका बॅटरीऐवजी दोन छोट्या बॅटऱ्या गाडीच्या नाकात, उजवी-डावीकडे बसवल्या गेल्या. निरुपयोगी लोखंडाची जागा उपयोगी वजनाने घेतली.

१४/ दरम्यान १९६७ च्या मॉडेलच्या ‘९११ एस’ गाडीसोबत एक चाक अजरामर झाले. माइनर्ट्सहागेन येथील ओटो फुक्स या धातुकाम करणाऱ्या कंपनीने ते बनवले आणि पोर्शच्या हाइनरिश क्ली यांनी त्याला पाच पाकळ्यांचे रूप दिले. ते ओतीव नव्हते, घडीव होते. तप्त ॲल्युमिनियम प्रचंड दाबाखाली घडवल्याने कमी धातूत अधिक बळ मिळे आणि पोलादी चाकापेक्षा ते हलके भरे. आज त्याच्या देखणेपणाचे कौतुक होते. त्याचा जन्म मात्र वजन घटवण्यासाठी झाला.

१५/ चाकाच्या हलकेपणाला इतके मोल का? गाडीचे धड स्प्रिंगांवर तोललेले असते. चाक, टायर आणि ब्रेकचा बराचसा भाग स्प्रिंगांच्या खाली असतो. खड्डा आला की हे खालचे वजन उसळते. ते जितके जड, तितके त्याला पुन्हा रस्त्यावर टेकवणे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरला अवघड. तेवढा वेळ तो तळहात हवेत असतो. म्हणून मोठे पण जड चाक बसवणारा दिखाऊ भपक्यासाठी पकड विकत असतो.

१६/ ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिस येथे ‘९११ कॅरेरा आरएस २.७’ अवतरली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या; प्रत्यक्षात १५०० हून अधिक बनल्या. तिच्यात पुढची चाके ६ इंच आणि मागची ७ इंच रुंद होती. भार मागे आहे, तर रुंदीही मागे हवी, हा सरळ विचार. पुढचे टायर १८५/७०, मागचे २१५/६०, दोन्ही १५ इंची रिमवर. गणित केले तर पुढच्या टायरचा व्यास ६४० मिलिमीटर येतो आणि मागच्याचा ६३९. रुंदी ३० मिलिमीटरने वाढली, उंची मात्र ढळली नाही.

१७/ हे गणित कोणालाही करता येते. २१५/६० म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर आणि टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९. ती दुप्पट करून त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की ६३९. व्यास घटला तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. वाढला तर कमी दाखवतो आणि टायर मडगार्डला घासण्याची भीती निर्माण होते.

१८/ सत्तरच्या दशकाच्या मध्यास पिरेल्लीने लान्चिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी ‘पी७’ हा रुंद, बुटका टायर विकसित केला आणि लवकरच तो ‘९११ टर्बो’वर आला. २०५/५० आणि २२५/५० मापांत, १५ इंची रिमवर, व्यास ५८६ आणि ६०६ मिलिमीटरवर उतरला. १९७८ च्या टर्बोत रिम १६ इंची झाली. २०५/५५ आणि २२५/५० टायरांनी व्यास पुन्हा ६३० च्या आसपास आणला. रिम एक इंच वाढवायची आणि टायरची उंची तेवढी घटवायची, हाच हौशी मंडळींमध्ये रूढ असलेला ‘प्लस वन’चा नियम.

१९/ याच टर्बोला इंग्रजी भाषकांनी ‘विडोमेकर’, म्हणजे स्त्रियांना वैधव्य देणारी, असे भीषण टोपणनाव दिले. टर्बोचा जोर उशिरा आणि एकदम येई, चालक दचकून पाय काढी, शेपटी फिरे. रुंद टायरांनी पकडीची मर्यादा खूप पुढे नेली होती. पण ती ओलांडली जाई तेव्हा वेगही तितकाच जास्त असे आणि चूक सुधारायला उसंत उरत नसे. अधिक पकड म्हणजे अधिक सुरक्षितता, हे समीकरण दरवेळी जुळत नाही.

२०/ बाहेरच्या बाजारपेठेतील उत्तम कारागिरांनी हे ओळखले होते. १९७० मध्ये शिल्टाख गावी बाउमगार्टनर आणि ब्रांड यांनी सुरू केलेली ‘बीबीएस’ शर्यतीच्या चाकांसाठी जगभर नावाजली. फाफेनहाउझेनच्या आलोइस रूफ यांची १९८७ ची पिवळी ‘सीटीआर’ ताशी ३४० किलोमीटरच्या घरात पोहोचली. तिच्यात इंजिनासोबतच १७ इंची चाके, त्यांच्याशी जुळणारे डनलॉपचे टायर, सस्पेन्शन आणि ब्रेक यांचा एकत्रित विचार होता. उलट केवळ स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणारा सस्पेन्शनची हालचाल खुंटवतो. चुकीच्या ऑफसेटचे, म्हणजे हबपासून फार बाहेर वा फार आत बसणारे चाक स्टिअरिंगचा स्वभाव बदलते आणि बेअरिंगवर ताण आणते.

२१/ ९११ चा मूळ दोष पूर्णपणे काबूत यायला तीन दशके लागली. १९७७ च्या पोर्श ९२८ मध्ये ‘वाइसाख ॲक्सल’ आला. पाय काढताच तो मागच्या चाकाला योग्य दिशेने किंचित वळवून गाडी स्थिर ठेवी. १९८९ च्या ९११ मध्ये टॉर्शन बार जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या आणि १९९३ मध्ये अनेक दांड्यांचे नवे मागचे सस्पेन्शन. इंजिन आजही मागेच आहे. जागा बदलली नाही. टायर रस्त्यावर टेकवून ठेवण्याची कला बदलली.

२२/ म्हणून आज चाके निवडणाऱ्याने क्रम उलटा धरावा. प्रथम गाडी कोठे आणि कशी चालणार ते ठरवावे, त्यानुसार टायर, टायरला शोभेल त्या रुंदीचे, वजनाचे आणि ऑफसेटचे चाक, आणि शेवटी त्या दोघांना रस्त्यावर टेकवून ठेवील असे सस्पेन्शन. हवेचा दाब मात्र दर पंधरवड्याला. खुद्द ९११ घडवणाऱ्यांनाही हा हिशेब आधी जमला नव्हता आणि तो चुकल्याची साक्ष ते बंपरआडचे २२ किलो लोखंड आजही देते.

(समाप्त)