कर्जमाफी व निराधार अनुदान : यवतमाळ जिल्हा

ऋणग्रस्त भूधारकाचे थकलेले देणे शासनाने आपल्या तिजोरीतून फेडणे आणि ज्याला उपजीविकेचे साधनच उरलेले नाही अशा व्यक्तीस दरमहा निर्वाहापुरती रक्कम देणे, हे शासकीय साहाय्याचे दोन प्रकार. विदर्भाच्या कापूसपट्ट्यातील यवतमाळ जिल्ह्यात ते गेली कित्येक वर्षे सोबतच चालत आले आहेत. दोहोंचा खर्च सार्वजनिक महसुलातूनच होतो आणि दोहोंची गरज पुष्कळदा एकाच घरात उत्पन्न होते; तथापि पात्रतेचे निकष, रकमेचे प्रमाण आणि लाभार्थ्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी या तिन्ही बाबतींत त्यांच्यात मोठे अंतर आहे.

पूर्वपीठिका : निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिल्यानंतर तेथे कापसाच्या व्यापाराला आणि रयतवारी पद्धतीला बळ मिळाले. जमीन गहाण टाकण्याजोगी व विकण्याजोगी वस्तू बनताच तिच्यावर कर्ज देणारा सावकारही गावोगाव स्थिरावला. दख्खनमध्ये १८७५ साली सावकारांविरुद्ध झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर ऋणग्रस्त शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा आला. परंतु तो प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी ऋणनिवारणाचा स्वतंत्र कायदा १९३९ मध्ये झाला. स्वातंत्र्योत्तर काळात विविध कार्यकारी सेवा संस्था व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांच्याद्वारे पीककर्ज, तर भूविकास बँकेद्वारे जमीन तारण घेऊन विहीर, मोटारपंप यांसारख्या कामांसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले. अशा कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, चढतो आणि तो उतरेपर्यंत भूधारकास आपल्या जमिनीचा व्यवहार मोकळेपणाने करता येत नाही. अवसायनात निघालेल्या भूविकास बँकांच्या राज्यातील चौतीस हजारांहून अधिक कर्जदारांचे सुमारे ९६४ कोटी रुपयांचे कर्ज शासनाने २०२२ मध्ये माफ केले, तेव्हा कित्येकांचे सातबारे दीर्घ काळानंतर कोरे होण्याचा मार्ग खुला झाला.

कर्जमाफीच्या योजना : पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले, त्यात थकीत व्याजाची माफी व मुद्दलाचे पुनर्गठन होते. २००८ च्या केंद्रीय योजनेने दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज संपूर्ण माफ केले. त्याहून मोठ्या धारकांस मात्र उर्वरित रक्कम भरण्याच्या अटीवर मर्यादित सूट दिली. कोरडवाहू विदर्भात पाच एकरांहून अधिक जमीन असूनही दारिद्र्यात दिवस काढणारी कुटुंबे पुष्कळ असल्याने ही क्षेत्रमर्यादा येथे विशेष जाचक ठरली, आणि सावकारी कर्ज तर या योजनेच्या कक्षेतच नव्हते. राज्य शासनाने २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावे दीड लाख रुपयांपर्यंतच्या, तर २०१९ च्या अखेरीस महात्मा जोतीराव फुले यांच्या नावे दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीस माफी देणारी योजना आणली. नियमित परतफेड करणाऱ्यांसाठी दोन्ही प्रसंगी प्रोत्साहनपर रकमेची तरतूद करावी लागली. कारण प्रामाणिकपणे कर्ज फेडणाऱ्याच्या पदरी काहीच पडू नये, ही गोष्ट गावोगावी सलत होती.

निराधार अनुदान : राज्यात १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना पासष्ट वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त आदींसाठी आहे, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना पासष्टीपुढील वृद्धांसाठी आहे. दरमहा सहाशे रुपयांवरून हे अनुदान प्रथम एक हजार आणि २०२३ मध्ये दीड हजार झाले. पात्रतेसाठी सर्वसाधारणपणे ठेवलेली वार्षिक एकवीस हजार रुपयांची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा मात्र दीर्घकाळ जागची हलली नाही. अर्जदारास उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला जोडावा लागतो, तालुका समितीची मंजुरी मिळवावी लागते आणि पुढे हयातीचा दाखलाही सादर करावा लागतो. काम करू शकणाऱ्या गरजूंसाठी मात्र वेगळी वाट होती : याच जिल्ह्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना वि. स. पागे यांच्या संकल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. श्रम करू इच्छिणाऱ्याने काम मागितल्यावर ते त्याला मिळालेच पाहिजे, हा तिचा सिद्धांत १९७७ च्या अधिनियमात आला, आणि भूमिहीनालाही राज्याकडे याचना न करता हक्काने मागणी करण्याची वाट मिळाली.

दोहोंच्या मधला वर्ग : ज्याच्या नावे जमीन, त्याला कर्ज, आणि ज्याच्या नावे कर्ज, त्याला माफी, असा कर्जमाफीचा क्रम आहे. त्यामुळे मक्त्याने किंवा बटईने शेती कसणारा, पतीच्या पश्चात सातबाऱ्यावर नाव न चढलेली स्त्री आणि सावकाराच्या वहीवर बियाणे-खत उचलणारा, हे तिघेही नापिकीचा संपूर्ण भार सोसून माफीच्या यादीबाहेर राहतात. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांतील कोलाम आदिवासींच्या पोडांवरील (वस्त्यांवरील) कुटुंबांची स्थितीही पुष्कळदा अशीच असते. शेतकरी आत्महत्येनंतर वारसांस एक लाख रुपये देण्याचा नियम २००६ चा आहे; त्यातील तीस हजार रोख व सत्तर हजार ठेवीच्या रूपाने दिले जातात. परंतु कुटुंबाच्या नावे जमीन व अधिकृत संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज सिद्ध न झाल्यास प्रकरण अपात्र ठरते. आणि मग त्याच घरातील विधवेला निराधार अनुदानासाठी नव्याने अर्ज करून आपली निर्धनता सिद्ध करावी लागते.

तुलना व मूल्यमापन : दोन लाखांची एक माफी ही दीड हजारांच्या मासिक अनुदानाच्या अकरा वर्षांहून अधिक काळाच्या रकमेइतकी भरते. यावरून माफी अनाठायी होती, असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. कारण पाऊस, बाजारभाव आणि आयात-निर्यातीची धोरणे यांच्यापुढे कापूस उत्पादक हतबल असतो आणि थकबाकीदार झालेल्याला पुढील हंगामाचे कर्जही मिळत नाही. तथापि छाननीची कठोरता दोन्हीकडे सारखी नाही : महालेखापरीक्षकांनी २००८ च्या योजनेतील ९०,५७६ खाती तपासली तेव्हा सुमारे बावीस टक्के खात्यांत त्रुटी आढळल्या. मालमत्ता हाती असलेल्या कर्जदारास सार्वजनिक पैशातून कितपत साहाय्य द्यावे, हा प्रश्न घरकर्जदारांच्या बाबतीत इतर देशांतही उपस्थित झाला आहे. ब्रिटनमध्ये कल्याणकारी साहाय्य घेणाऱ्या घरमालकांस गहाणकर्जाच्या व्याजापोटी मिळणारे अनुदान एप्रिल २०१८ पासून परतफेडीच्या कर्जात रूपांतरित झाले. घराची मालकी कर्जदाराकडेच राहते म्हणून करदात्यांचे साहाय्य त्याने पुढे परत करावे, अशी त्यामागील भूमिका होती. महाराष्ट्रात मात्र मालमत्ता वाचविणारे साहाय्य अधिक उदार आणि पोट वाचविणारे साहाय्य अधिक तुटपुंजे, असा क्रम रूढ झाला.

प्रहार जनशक्ती पक्षाचे नेते बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली जुलै २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील पापळपासून यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणपर्यंत निघालेल्या पदयात्रेत सातबारा कोरा करण्याची मागणी अग्रभागी होती, आणि त्याच आंदोलनाने दिव्यांगांच्या मानधनवाढीचा प्रश्नही सोबत घेतला. ही सांगड यथार्थ आहे. भूधारकाचे संकट आणि भूमिहीनाचे दैन्य एकाच कोरडवाहू अर्थव्यवस्थेतून उपजत असल्याने, साहाय्याची पात्रता केवळ जमिनीच्या उताऱ्यावर न ठेवता प्रत्यक्ष कसण्यावर व झालेल्या हानीवर ठरविणे, अनुदानाची रक्कम व उत्पन्नमर्यादा महागाईशी जोडणे आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विधवेस स्वतंत्र अर्जाविना अनुदान सुरू करणे, या तीन सुधारणा झाल्याखेरीज राज्याने आपल्या दुर्बळांना समान न्याय दिला असे म्हणता येणार नाही.