घरगुती शौचालयाची दुरुस्ती व देखभाल

घरगुती शौचालयाची दुरुस्ती व देखभाल म्हणजे घरातील शौचालयाचे भांडे, फ्लशची टाकी, नळजोड, सांडपाण्याची वाहिनी आणि मैला साठविणारी टाकी किंवा खड्डा सुस्थितीत ठेवण्याचे काम होय. यांपैकी नळ, जोड व वाहिन्या यांचे काम प्लंबर करतो. शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून ‘प्लंबर’ हा शब्द आला आहे. पूर्वी पाण्याचे नळ शिशाचे असत. मैला टाकी उपसणे हे प्लंबरचे काम नव्हे. हा भेद व्यवहारात अनेकदा पाळला जात नाही आणि त्याचे परिणाम कधीकधी प्राणघातक ठरतात.

पार्श्वभूमी

पाण्याच्या साहाय्याने दुर्गंधी अडविणाऱ्या वाकड्या नळीचे एकस्व अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. महाराष्ट्रातील शहरांत मात्र विसाव्या शतकात दीर्घकाळ टोपलीचे संडास होते आणि त्यांतील मैला वाहण्याचे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम स्वतः करण्याची परवानगी मागितली व ती नाकारली गेल्यावर १९३२ मध्ये उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत देणाऱ्या संडासांचे प्रयोग केले.

सांगली जिल्ह्याचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००–०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा राज्याचे ग्रामविकासमंत्री तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील होते. खानापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या विटा शहराने स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला. लोणावळा दुसऱ्या व सासवड तिसऱ्या स्थानी होते. अशा मोहिमांतून शौचालये उभी राहिली. ती वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा भार मात्र घरमालकावरच असतो आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही.

रचना

भांड्याच्या खाली इंग्रजी ‘पी’ किंवा ‘एस’ अक्षराच्या आकाराची नळी असते. तिच्यात सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते व वाहिनीतील वायू घरात येऊ देत नाही. बंद घर उघडल्यावर जो वास येतो, त्याचे कारण बहुधा हे पाणी आटलेले असते. एक बादली पाणी ओतल्यास तो थांबतो. न्हाणीघराच्या जमिनीतील अशाच जाळीदार योजनेला भारतभरचे अभियंते ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्याकडील ‘न्हाणी’ हा घरगुती शब्द असा बांधकामशास्त्रात जाऊन बसला आहे.

पुढे मैला चेंबरमधून भुयारी गटारात, सेप्टिक टाकीत किंवा शोषखड्ड्यात जातो. लहान शहरांत सेप्टिक टाकी सर्रास आढळते. तिच्यातील वायू बाहेर जाण्यासाठी छपराच्या वर नेलेली नळी आवश्यक असते. पक्षी किंवा पालापाचोळा जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला जाळी बसवितात. टोपण लावून ते बंद करणे चुकीचे आहे.

नेहमीचे बिघाड

सर्वांत जास्त पाणी वाया घालविणारा आणि सर्वांत कमी लक्षात येणारा बिघाड म्हणजे फ्लशच्या टाकीतून भांड्यात अखंड होणारी गळती. तळाचे रबरी वॉशर झिजल्यामुळे किंवा त्यावर क्षार साचल्यामुळे ती होते. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत ती वरचेवर उद्भवते. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, पाणी गळाले तरी दिवसाला २८८ लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे दोन माणसांच्या वाट्यापेक्षा अधिक पाणी एका वॉशरपायी जाते. खानापूर हा अवर्षणप्रवण तालुका असून टेंभू उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या भागाकडे आणावे लागते. तेथे हा हिशेब केवळ पाणीपट्टीपुरता राहत नाही.

ही गळती ओळखण्याची रीत सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकून फ्लश न करता पंधरा मिनिटे थांबावे; भांड्यात रंग उतरल्यास वॉशर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. टाकी भरूनही पाणी थांबत नसेल, तर दोष बॉल कॉकमध्ये असतो. भिंतीतून ओल येत असल्यास मात्र फरशी फोडण्याआधी अँगल कॉक व जोडनळी तपासणे शहाणपणाचे ठरते.

तुंबण्याची कारणे बहुतेक घरातच असतात: सॅनिटरी पॅड, कापड, लहान मुलांचे डायपर. एकच भांडे तुंबले असेल तर अडथळा जवळ असतो. घरातील सगळीकडचे पाणी एकाच वेळी मागे येऊ लागले, तर चेंबर किंवा टाकी भरलेली असते. तुंबलेले भांडे मोकळे करण्यासाठी ॲसिड ओतण्याची सवय घातक आहे. ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. शिवाय मैला कुजविणारे सेप्टिक टाकीतील जिवाणू ॲसिडने मरतात.

प्लंबर नेमणे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तरी बहुसंख्य कारागीर हाताखाली काम करूनच तयार होतात. सोने-चांदी गाळणारे विटा परिसरातील गलाई कारागीर जसे देशभर पसरले, तसेच ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील प्लंबर मोठ्या शहरांत पसरले आहेत. लहान गावात कारागीर सापडतो तो गवंड्याच्या किंवा हार्डवेअर दुकानदाराच्या ओळखीने. ओळख उपयोगी असली, तरी दुकानदाराने सुचविलेला कारागीर त्याच दुकानाचे सामान सुचविणार, हे गृहीत धरावे लागते.

काम उक्ते द्यायचे की रोजंदारीने, हे आधी ठरविलेले बरे. वॉशर, कॉक किंवा भांडे बदलण्यासारखी ठरावीक कामे उक्ती देता येतात. गळतीचे मूळ शोधण्याचे काम उक्ते दिल्यास शोध अर्धवट राहण्याचा संभव असतो. मजुरी व सामान यांचा हिशेब वेगळा असावा, काढलेला जुना भाग पाहून घ्यावा आणि फोडलेली फरशी कोण बसविणार हे बोलून ठेवावे, कारण अनेक वाद तेथेच होतात. भांडे नव्याने बसविल्यावर पांढरे सिमेंट वाळेपर्यंत ते वापरू नये. त्यानंतर दोन-तीन बादल्या पाणी एकदम ओतून जोड कोरडे राहतात का ते पाहावे आणि मगच उरलेली रक्कम चुकती करावी.

मैला टाकीचा उपसा

सेप्टिक टाकी साधारण दोन ते तीन वर्षांनी उपसावी, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात ती भरून वाहू लागल्यावरच आठवते, आणि मग घाईत कोणाला तरी आत उतरविले जाते. टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. पहिला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो. अशा अनेक दुर्घटना एकाहून अधिक बळी घेतात.

हाताने मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई संस्थांप्रमाणेच खाजगी व्यक्तीलाही लागू आहे, म्हणजे घरमालकही तिच्या कक्षेत येतो. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारसफाईतील मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविलेली दहा लाख रुपयांची भरपाई २०२३ मध्ये तीस लाख केली.

या कामासाठी नगरपरिषदेचा किंवा परवानाधारक खाजगी व्हॅक्यूम टँकर मागवितात. राष्ट्रीय मदत क्रमांक १४४२० हा आहे. टाकीच्या झाकणाजवळ विडी, काडी किंवा दिवा नेऊ नये, कारण मिथेन ज्वालाग्राही असतो. झाकण फरशीखाली पक्के बुजविलेले असल्यास टँकरचा उपयोग होत नाही. म्हणून घर बांधतानाच ते उघडे व रस्त्यापासून नळी पोहोचेल अशा अंतरावर ठेवणे सोयीचे असते.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात टँकरचीही गरज पडत नाही. एक खड्डा भरला की जोडचेंबरमधून प्रवाह दुसऱ्याकडे वळवितात. पहिला साधारण दीड ते दोन वर्षे बंद ठेवल्यास आतील मैल्याचे कोरडे, वासरहित खत होते व ते शेतात वापरता येते. दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवल्यास हा लाभ मिळत नाही. अशी चूक बांधकामाच्या वेळीच होते, म्हणून वापर सुरू करण्यापूर्वी एका खड्ड्याचे तोंड बंद केले आहे का, हे चेंबर उघडून पाहतात.