नैराश्याचे जनुक शोधताना: एका प्रयोगशाळेपासून एकोणतीस देशांपर्यंत



“सर, नैराश्याचे जनुक सापडले का?” संख्याशास्त्राच्या तासाला हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, जीवशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही या प्रश्नाचा इतिहास तुम्ही वाचावा असे मला वाटते, कारण गोंगाटातून संकेत कसा वेगळा काढायचा हे तो फार चांगले शिकवतो.

१. सुरुवात औषधांपासून

नैराश्याच्या रासायनिक अभ्यासाला योगायोगाने चालना मिळाली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले, तेव्हा काही रुग्ण एकाएकी उत्साही झालेले दिसले. दुसरा धागा मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मांडला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये या वनस्पतीतून रेसरपिन वेगळे काढले गेले आणि अमेरिकेत १९५५ मध्ये ते सेरोटोनिनचा साठा रिकामा करते असे दिसले. रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशा नोंदीही आल्या. या नोंदींबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण मेंदूतील संदेशवाहक रसायने कमी पडली की नैराश्य येते, ही कल्पना १९६० च्या दशकात रुजली.

२. एक जनुक, एक उत्तर

रसायनामागे जनुक असणार, म्हणून संशोधकांनी सेरोटोनिनशी संबंधित मोजकी जनुके निवडून तपासायला सुरुवात केली. २००३ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथील ८४७ तरुणांचा अभ्यास गाजला. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना ताणाच्या प्रसंगांनंतर नैराश्य येण्याची शक्यता अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र २००९ मध्ये १४ अभ्यासांची, म्हणजे १४,२५० व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. २०१९ मध्ये अशा १८ गाजलेल्या जनुकांची मोठ्या नमुन्यावर पुन्हा तपासणी झाली, तीही निराशाजनक ठरली.

चूक कोणाच्या प्रामाणिकपणात नव्हती. परिणाम अतिशय लहान होते आणि नमुने त्याहून अपुरे. मापनातला यादृच्छिक गोंगाट निम्मा करायचा तर नोंदी चौपट लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिवाय संपूर्ण जनुकसंच तपासताना सुमारे १० लाख स्वतंत्र चाचण्या होतात. म्हणून नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.०५ भागिले १० लाख इतकी कडक मर्यादा पाळावी लागते. एवढे नमुने एका प्रयोगशाळेला, किंबहुना एका देशालाही जमवणे कठीण.

३. एकत्र येऊनही रिकामे हात

याच गरजेतून २००७ मध्ये मानसिक आजारांच्या जनुकशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संशोधकसंघ उभा राहिला. त्याने २०१३ मध्ये ९,२४० रुग्ण आणि ९,५१९ निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र मांडली. त्या मर्यादेत एकही जागा बसली नाही! हा निष्कर्ष लपवला गेला नाही, रीतसर प्रसिद्ध झाला. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत शिकण्याजोगे पान आहे.

४. चीनमधला प्रयोग

ऑक्सफर्डचे जोनाथन फ्लिंट, व्हर्जिनियाचे केनेथ केंडलर आणि चीनमधील अनेक रुग्णालये यांनी वेगळा मार्ग घेतला. फक्त हान वंशाच्या स्त्रिया, नैराश्य वारंवार आलेले, आणि प्रत्येकीची सविस्तर प्रत्यक्ष मुलाखत. संख्या वाढवण्याआधी त्यांनी मापन नेमके केले. २०१५ मध्ये ५,३०३ रुग्ण आणि ५,३३७ निरोगी स्त्रियांच्या तुलनेतून दहाव्या गुणसूत्रावर दोन जागा मिळाल्या. त्यांपैकी एक पेशीच्या ऊर्जाव्यवस्थेशी संबंधित जनुकाजवळ आहे. दुसऱ्या हान चिनी नमुन्यात दुजोरा मिळाला, युरोपीय वंशाच्या नमुन्यात मात्र तसा मिळाला नाही.

५. आकडे वाढले, प्रश्नही वाढले

२०१८ मध्ये ४४ जागा, २०१९ मध्ये आठ लाखांहून अधिक व्यक्तींमधून १०२, आणि २०२५ मध्ये २९ देशांच्या माहितीतून ६९७ जनुकीय फरक नोंदले गेले. पण मोठ्या नमुन्यांत अनेकदा “तुम्हाला कधी नैराश्य आले होते का?” एवढ्याच प्रश्नावर निदान ठरते. असे ढोबळ मापन नेमके नैराश्यच पकडते का, हा प्रश्न २०२० मध्ये फ्लिंट आणि केंडलर यांच्याच गटाने उपस्थित केला. दुसरी अडचण वंशाची. ही माहिती दीर्घकाळ मुख्यतः युरोपीय वंशाची राहिली, आणि २०२५ च्या अभ्यासातही इतर वंशांचा वाटा सुमारे एक चतुर्थांशच होता. एका लोकसमूहातून काढलेले अंदाज दुसऱ्याला तितकेसे लागू पडत नाहीत. आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी हा मुद्दा विसरू नये.

सारांश

तर वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर असे: नैराश्याचे एक जनुक नाही. शेकडो फरक आहेत, प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा, आणि परिस्थितीचा वाटा वेगळाच. म्हणून एखादी जनुकीय चाचणी तुम्हाला नैराश्य येणार की नाही हे ठामपणे सांगू शकत नाही. “आमच्या रक्तातच आहे” म्हणून हताश होण्याचेही कारण नाही. उपचार जनुकांच्या यादीसाठी थांबलेले नाहीत. तुम्हाला किंवा खोलीतल्या मित्राला गरज वाटली, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा.

स्वाध्याय

१. २०१३ च्या अभ्यासात काहीच न सापडणे हा निष्कर्ष उपयुक्त का ठरतो?
२. नमुना मोठा करणे आणि मापन नेमके करणे यांपैकी एकच शक्य असेल, तर तुम्ही काय निवडाल? कारणे द्या.