एकनाथ : भारूडरचना

एकनाथ (सु. १५३३–१५९९) : पैठणचे संतकवी, कीर्तनकार आणि भारूड या गीतप्रकाराचे सर्वांत मोठे रचनाकार. संत भानुदासांचे पणतू. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. त्यांच्यापाशी राहून शिकल्यावर एकनाथ पैठणला परतले व अखेरपर्यंत प्रपंचात राहिले. वाराणसीत १५७३ मध्ये पूर्ण झालेले *एकनाथी भागवत* व १५८४ मधील ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत यांमुळे पंडितांत त्यांचे नाव झाले. खेड्यापाड्यांत मात्र त्यांना ओळख दिली ती गाण्यांनी.

त्यांची भारुडे सु. ३०० आहेत. ‘बहुरूढ’ या शब्दावरून ‘भारूड’ आला, असे एक मत आहे. व्युत्पत्ती काहीही असो, या गाण्यांत बोलणारा स्वतः एकनाथ क्वचितच असतो. जोशी, वासुदेव, गोंधळी, कोल्हाटीण, आंधळा, मुका, जोहार घालणारा महार, नवऱ्याला कंटाळलेली बाई असे बोलणारे येतात. सोळाव्या शतकातल्या ब्राह्मण गृहस्थाने हे आवाज घ्यावेत, हे धाडस ग्रंथरचनेपेक्षा कमी नाही. ‘रोडगा’ या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेकाला वाटेतून दूर करायला सांगते. ऐकणारे हसतात, आणि हसता हसता उमगते की ही माणसे नव्हेत, मनाला जखडणारे पाश आहेत. ‘विंचू’मध्ये डंख काम-क्रोधाचा आणि उतारा सत्त्वगुणाचा. शेवटी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते. तिच्यामुळे कर्ता कळतो. पण गाणी तोंडोतोंडी चालत आल्याने पाठभेद पुष्कळ, आणि मुद्रा जोडून मागाहून शिरलेली रचनाही त्यांत असू शकते.

भजनी, सोंगी व कूट असे भारुडाचे प्रकार मानतात. सोंगी भारुडात टाळ-मृदंगाच्या साथीने वेश घेऊन, मध्येच चालू काळावर कोपरखळ्या मारत सादरीकरण होते. त्यामुळे मूळ पदे जुनी राहिली तरी गद्य नित्य नवे होते. शाहीर साबळे यांनी ‘विंचू’ ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरी नेला. सिल्लोड तालुक्यातील रहिमाबादचे निरंजन भाकरे (मृत्यू २०२१) यांचा ‘बुरगुंडा’ गाजला. त्यात व्यसनमुक्तीपासून स्वच्छतेपर्यंत सारे येई.

एकनाथांची पुण्यतिथी फाल्गुन वद्य षष्ठीला असते. त्या नाथषष्ठीच्या यात्रेला दिंड्या पैठणला येतात.