उताऱ्यावर नसलेली नावे

नेसरीचे नाव निघाले की 24 फेब्रुवारी 1674 हा दिवस आणि सरनोबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा साथीदार यांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. गडहिंग्लज तालुक्यातील या गावाचा तो इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. आम्ही येथे ज्या इतिहासाकडे वळत आहोत तो तलाठ्याच्या दप्तरात पडून असतो आणि त्याचे पोवाडे कोणी रचत नाही.

या भागातील जुने सातबारा उतारे चाळले, तर खातेदाराच्या नावामागे ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे पुष्कळदा आढळतात. अर्थ, एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले, थोरल्या मुलाचे नाव लागले आणि बाकीची भावंडे त्या तीन अक्षरांत सामावली. धाकट्या भावांच्या हाती वहिवाट तरी असे. बहिणींची नावे लागलीच तर ‘इतर हक्कां’च्या रकान्यात, आणि कित्येकदा तेथेही नाहीत. जमीन घेणारा उताऱ्यावरचे एक नाव वाचतो, पैसे मोजतो, खरेदीखत नोंदवतो. पुढे केव्हातरी दिवाणी न्यायालयाचे समन्स येते, तेव्हा उरलेली नावे त्याला कळतात.

ही रीत जुनी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतन ही एकट्या माणसाची नव्हे, तर घराण्याची वस्तू मानली जाई. पाटीलकी विकायची तर भाऊबंदांची संमती लागे. तंटा उभा राहिला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. निम्मी पाटीलकी विकली गेली, तर पानाचा विडा आधी कोणाला, होळीची पोळी कोणाची, हेही कागदावर येई. इतक्या बारकाईने मानपान वाटून घेणाऱ्या त्या कागदांत लेकीबाळींच्या हिश्शाचा उल्लेख मात्र क्वचितच सापडावा, याचे आम्हांस नवल वाटते.

इंग्रज सरकारने या रूढीला कायद्याचे बळ दिले. 1874 च्या वतन कायद्याने सरकारी मंजुरीवाचून वतन घराण्याबाहेर जाणे बंद झाले, आणि 1886 च्या दुरुस्तीने शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून इतर स्त्रियांना वारसाक्रमात पुरुष भाऊबंदांच्या मागे ढकलले. नेसरीशेजारचा चंदगड भाग 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तेथे हेच कायदे चालत. गडहिंग्लजकडचा मुलूख करवीर संस्थानचा. तेथे राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा पद्धतीने कसणाऱ्यांच्या नावे करण्याचा हुकूम काढला. 1920 मध्ये वारसाहक्काचा कायदा करताना त्यांनी अनौरस संतती व जोगतिणी यांचाही विचार केला. यल्लम्माला मुली सोडण्याची चाल ज्या भागात खोलवर रुजली होती, तेथे ‘देवाला सोडलेल्या’ लेकीच्या वारशाचा प्रश्न दरबारात विचारला गेला, ही आमच्या मते नेसरीच्या रणाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे दोन्ही बाजूंना एकच कायदा लागला.

तो कायदा घरोघरी काय करतो, हे एका हिशेबाने पाहू. आई आधीच वारली आहे. वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, दोन मुलगे, एक मुलगी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वडील वारले, तर आधी वडील व दोन मुलगे यांच्यात तीन-तीन एकरांची कल्पित वाटणी होई आणि वडिलांचे तीन एकर तिन्ही मुलांत विभागले जात. मुलगे चार-चार एकरांचे धनी, मुलगी एका एकराची. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील 2005 मध्ये हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री तेवढी अबाधित राहिली. आता त्याच नऊ एकरांत मुलीचे तीन एकर.

ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा-मुलगी हा भेद मुळातच नाही: विधवेला एक तृतीयांश, उरलेले सर्व मुलांना सारखे. तरीही बहिणीने ‘माहेर तुटू नये म्हणून’ सही करून मोकळे व्हावे, ही अपेक्षा आपल्या घरांतही शेजाऱ्यांइतकीच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आंबोली घाट उतरून गोव्यात गेले, की 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा लागते. तेथे स्थावर विकताना पतीबरोबर पत्नीचीही सही लागते. घाटावरची सून तिकडे गेली आणि तिकडची इकडे आली, की एकाच घराण्यात दोन कायदे नांदू लागतात.

विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने जाणावे असे बरेच काही या इतिहासातच दडले आहे. सामाईक जमिनीतला एक भाऊ आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण बांधावर बोट ठेवून ‘हा तुकडा तुझा’ असे म्हणू शकत नाही, ते वाटपानंतरच. राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावल्यास 1893 च्या कायद्याने घरच्यांना तो हिस्सा योग्य किमतीस विकत घेता येतो. शेतजमिनीला त्यावर 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान हिश्शाची बहीण त्यामुळे कागदावर मालकीण असूनही नांगरापुरती जागा मागू शकत नाही, आणि भावाने दिलेली किंमत हीच काय ती तिची मिळकत ठरते.

ही किंमत ज्या कागदावर ठरते तो हक्कसोडपत्राचा. तलाठ्याकडे दिलेल्या वर्दीने किंवा तोंडी सांगण्याने बहिणीचा हक्क सुटत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त लागतो. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, तिने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून जाणता खरेदीदार चालू उताऱ्यावर थांबत नाही. तो जुने फेरफार काढतो, वडील वारल्याच्या वर्षाची वारसनोंद शोधतो, आणि त्या नोंदीत किती मुलींची नावे आली होती व पुढच्या कोणत्या नोंदीने ती कमी झाली, हे बोटाने ओळ धरून वाचतो.