आपण

मराठीतील सर्वनाम. संस्कृत ‘आत्मन्’ व प्राकृत ‘अप्पा’, ‘अप्पण’ यांपासून व्युत्पन्न. हिंदीतील ‘आप’ व ‘अपना’ ही रूपेही त्याच मुळाची.

उपयोग : (१) आत्मवाचक : ‘तो आपण होऊन आला’. (२) आदरार्थी द्वितीय पुरुष : ‘आपण कधी आलात?’ पत्रलेखनातील ‘आपला विश्वासू’मधील ‘आपला’ याच अर्थाने येतो. (३) श्रोत्याला सामावून घेणारा प्रथम पुरुष अनेकवचन. ‘आम्ही बोईसरला जातो’ यात श्रोता वगळलेला असतो. ‘आपण बोईसरला जाऊ’ यात तो सोबत असतो. (४) बोलीत एकवचनी ‘मी’साठी : ‘आपण नाही बुवा येणार’.

समावेशक भेद : इंग्रजी ‘वी’ किंवा प्रमाण हिंदी ‘हम’ यांत हा भेद नाही. तेलुगूत मात्र ‘मनमु’ (श्रोत्यासह) आणि ‘मेमु’ (श्रोत्याविना) अशी जोडी आहे. मराठीतील भेद द्राविडी भाषांच्या संपर्कातून आला, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. गुजरातीतही ‘आपणे’ व ‘अमे’ अशी जोडी आहे. त्यामुळे गुजरातला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात मराठी व गुजराती भाषकांना एकमेकांचा हा भेद सहज उमगतो.

याच जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हिंदी भाषक कामगार मोठ्या संख्येने आहेत. मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाला एका ‘हम’साठी ‘आम्ही’ की ‘आपण’ हे दर वेळी ठरवावे लागते. म्हणून हा भेद भाषाशिक्षणात आरंभीच, उदाहरणांसह शिकवणे अगत्याचे आहे.