दोष फळाचा की भांड्याचा?

दिवाळी अंकाच्या फराळात एका मद्याची कहाणी वाढताना हात जरा अडखळतो. वाचकांनी, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांनी, या मास्तराविषयी भलता ग्रह करून घेऊ नये. मी ताकावर वाढलेला माणूस. परंतु इतिहास शिकवणाऱ्याला कधी कधी एखाद्या गोष्टीला न्याय मिळवून द्यावासा वाटतो, मग ती गोष्ट पेल्यातली का असेना. आणि येथे तर अन्याय करणाऱ्यांत मी स्वतःच होतो.

त्याचे असे झाले. मागे एका दिवाळीच्या सुट्टीत मी इंग्लंडात, ब्रिस्टल शहरी, भाच्याकडे गेलो होतो. पहिल्याच रात्री जेवायला बसताना त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली एक भली मोठी प्लॅस्टिकची बाटली उघडली. "मामा, हे सायडर. सफरचंदाचा रस आंबवून करतात. या मुलखाचे हे खास पेय. एक घोट तरी घेऊन बघा." मी घेतला. शाळेसमोरच्या गाडीवरच्या सरबतात कोणी शिळा सोडा ओतावा आणि वर आंबूस वासाचे चार थेंब शिंपडावेत, तशी ती चव. सफरचंदाचा मागमूसही नव्हता. "ज्या लोकांनी आपल्यावर इतकी वर्षे राज्य केले, त्यांना एवढ्या गोड फळाचे याहून बरे काही करता आले नाही!" असे म्हणून मी पेला बाजूला सारला. भाचा हसला. "मामा, निकाल लावायची घाई करू नका," एवढेच तो म्हणाला.

चार दिवसांनी तो मला वेल्सच्या सरहद्दीला लागून असलेल्या हेरफर्डशर परगण्यात घेऊन गेला. सफरचंदे उतरण्याचा तो हंगाम. झाडांखाली फळांचे लाल-पिवळे ढीग पडले होते. बागेचे मालक सत्तरीच्या घरातले, बोलायला संथ. त्यांनी एक लहानसे फळ पुसून माझ्या हातावर ठेवले. मी चावा घेतला. प्रथम गोड लागले, आणि दुसऱ्याच क्षणी हिरवे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ, हिरड्या, टाळू, सारे आवळून आले. मी तोंड वेडेवाकडे केले तेव्हा म्हातारबुवा मनापासून हसले. "हे खायचे फळ नव्हे, प्यायचे फळ," ते म्हणाले.

मग त्यांनी आम्हांला कोठारातली जुनी दगडी घाणी दाखवली. ती पाहताच मला आपल्याकडची चुन्याची घाणी आठवली. तसाच गोल दगडी चर, त्यात उभे फिरणारे तसेच जड चाक, फक्त बैलाऐवजी घोडा. त्यात चेचलेला लगदा कापडात थरावर थर बांधायचा, मळसूत्राच्या दाबाखाली पिळायचा आणि रस पिंपांत भरून हिवाळाभर सोडून द्यायचा. त्यांनी मागल्या वर्षीच्या पिंपातून थोडेसे काढून दिले. रंग जुन्या मधासारखा. वास वाळल्या गवताचा आणि पिकल्या सालीचा. चवीला अगदी थोडी गोडी, मग स्वच्छ आंबटपणा, आणि शेवटी तोच तुरटपणा. पण आता रुसवा गेलेल्या माणसासारखा निवळलेला. पहिल्या रात्री मी ज्याला नापास केले होते ते हेच, यावर माझा विश्वास बसेना.

कारण पुढे कळले ते असे. रस आंबताना त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. मागे उरतात ती आम्ले आणि टॅनिन नावाचा तुरट अंश. खाण्याच्या सफरचंदात हा अंश बेताचाच असतो, म्हणून नुसते तेच आंबवले तर पेय फिके पडते. चांगल्या सायडरला गोड-तुरट आणि आंबट-तुरट जातींची फळे लागतात, म्हणजे चावा घेताच माणूस थुंकून टाकील अशी! शिवाय बी पेरून मिळणारे झाड आईबापांसारखे निपजत नाही. मनासारखे एक झाड मिळाले की त्याची कलमेच करावी लागतात. हापूसवाल्या कोकणी माणसाला हे निराळे सांगायला नको.

माझे अज्ञान मला टोचत होते. उरलेली सुट्टी मी शहरातील वाचनालयात घालवली. तेथे जो इतिहास हाती लागला, तो सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सतराव्या शतकात इंग्लंडात सायडरला मोठा मान होता. लॉर्ड स्कुडमोर हे हेरफर्डशरचे जमीनदार पॅरिसमध्ये राजाचे वकील होते. १६३९ साली ते तेथून परतले आणि त्यांनी आपल्या परगण्यात 'रेडस्ट्रीक' नावाच्या सफरचंदाचा प्रसार केला. त्या फळाचे सायडर उंच, निमुळत्या काचेच्या पेल्यांतून दिले जाई. १६६४ साली, म्हणजे ज्या वर्षी शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच वर्षी, जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने वृक्षांवरील आपल्या ग्रंथाला 'पोमोना' नावाची पुरवणी जोडली. ती सारी सफरचंदे आणि सायडर यांविषयी आहे.

यातच एक गमतीची गोष्ट आहे. जहाजांसाठी लाकूड राखावे म्हणून पहिल्या जेम्स राजाने १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या, आच वाढली आणि पूर्वीपेक्षा मजबूत बाटल्या तयार होऊ लागल्या. अशा बाटलीत सायडर भरून, थोडी साखर घालून, वर घट्ट बूच मारले की आतल्या आत वायू धरून ते फसफसू लागे. द्राक्षाच्या मद्यात साखर घालून ते फेसाळ करण्याची रीत क्रिस्तोफर मेरेट याने १६६२ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितली. फेसाळ शँपेनचा जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते फ्रेंच साधू दों पेरिन्यों आपल्या मठात आले ते १६६८ साली! ज्या पेयाला मी शिळा सोडा म्हटले, त्याच्या बाटल्यांनी एके काळी शँपेनची वाट मोकळी केली होती.

मग एवढ्या मानाचे पेय हलके कसे ठरले? ही गोष्ट दुःखाची आहे.

नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात एक विचित्र व्याधी होती. पोटात असह्य कळा उठत, मनगटे लुळी पडत, काहींना फेफरे येई आणि कित्येक दगावत. ती येई सायडरच्या हंगामात, आणि गाठी बहुधा ते पिणाऱ्या गरिबांना. १७२४ साली तिची मोठी साथ आली. प्लिमथचे वैद्य जॉन हक्सम यांनी १७३९ साली तिचे बारकाईने वर्णन केले आणि दोष दिला तो सफरचंदाच्या आंबट रसाला. फळ बदनाम झाले. लोक मात्र पीत राहिले, कारण शेतमजुराला मजुरीचा काही भाग सायडरच्याच रूपाने मिळे.

पुढे १७६३ साल उजाडले. आपल्याकडे पानिपत होऊन दोन वर्षे लोटली होती. तिकडे फ्रेंचांशी सात वर्षे चाललेले युद्ध संपले होते आणि सरकारच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. बागाईतदाराने केलेल्या सायडरवर पिंपामागे चार शिलिंग कर बसला. कर वसूल करणाऱ्या अंमलदारांना लोकांच्या घरात शिरून तपासणी करण्याची मुभा मिळाली. गावोगाव निषेध झाला, विल्यम पिट यांनी पार्लमेंटात विरोध केला आणि १७६६ साली तो कर मागे घ्यावा लागला.

बागाईतदारांनी सुटकेचा श्वास टाकला न टाकला तोच, १७६७ साली, डॉ. जॉर्ज बेकर यांनी लंडनच्या वैद्यांपुढे एक निबंध वाचला. बेकर जन्माने डेव्हनचेच. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता: सायडर हेरफर्डशरातही पितात, मग तेथे ही व्याधी का नाही? हिंडून, विचारपूस करून त्यांनी घाण्या तपासल्या. डेव्हनमध्ये घाणीचे दगड जोडताना सांध्यांत शिसे ओतत, दाबाच्या पाटालाही कोठे कोठे शिशाचा पत्रा असे. हेरफर्डशरात तसे नव्हते. मग दोन्हीकडच्या सायडरची गंधकाच्या द्रावाने परीक्षा केली. डेव्हनचे काळवंडले, हेरफर्डशरचे जसेच्या तसे राहिले. व्याधी सफरचंदाची नव्हतीच. आंबट रस शिसे खात होता आणि ते शिसे माणसांच्या पोटात जात होते.

हे वाचले आणि वाचनालयातल्या त्या शांत दालनात मला माझी आई आठवली. पातेल्याची कल्हई उडाली की ती त्यात आमटी ठेवू देत नसे. "कळकेल," म्हणायची. चिंचेला तिने कधी बोल लावला नाही. इंग्लंडातल्या वैद्यांना जे उमगायला इतकी वर्षे लागली, ते आमच्या स्वयंपाकघरात रोजच्या धाकाचे होते.

बेकरांचे मात्र डेव्हनमध्ये स्वागत झाले नाही. आपल्याच मुलखाच्या पोटावर हा पाय देतो म्हणून लोक चिडले, त्यांच्याविरुद्ध पत्रके निघाली. परंतु हळूहळू घाण्यांतून शिसे काढले गेले आणि पुढल्या काही दशकांत ती व्याधी ओसरली. किती अनाम मजुरांची मनगटे त्या एका निबंधाने वाचवली असतील!

तरी सायडरचे ग्रह फिरले नाहीत. मजुराच्या वाट्याला येई ते पुष्कळदा चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळलेले. मालक ते पाजी, आणि वर मजूर पितो म्हणून नाक मुरडी. मजुरीत मद्य देण्याची ही चाल १८८७ च्या कायद्याने बंद झाली. १९०३ साली ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टन येथे सायडरसाठी संशोधनसंस्था निघाली. तेथील शास्त्रज्ञांनी आम्ल आणि तुरट अंश मोजून सफरचंदांच्या जाती चार वर्गांत लावल्या. ती संस्था २००३ साली बंद झाली, पण बागवाले अजून तेच वर्ग वापरतात.

पहिल्या रात्रीच्या बाटलीचा उलगडाही मला झाला. ब्रिटिश नियमाप्रमाणे ३५ टक्के रस असला तरी त्या पेयाला सायडर म्हणता येते. भाच्याच्या स्वयंपाकघरात ती बाटली अजून पडलेली होती. तिच्यावरची बारीक अक्षरे मी चष्मा पुसून वाचली: पाणी, आटवलेला रस, साखर. म्हणजे मी सायडरची परीक्षा घेतलीच नव्हती!

निघण्यापूर्वी त्या म्हातारबुवांना आभाराचे पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले, त्यात त्यांनी जानेवारीत पुन्हा येण्याचे निमंत्रण दिले होते. त्या महिन्यात तिकडे रात्री बागेत जमून झाडांना गाणी म्हणतात, मुळाशी सायडर ओततात, फांद्यांत पावाचे तुकडे ठेवतात आणि भुतेखेते पळावीत म्हणून बंदुकीचे बार काढतात. सॉमरसेटमधील कार्हॅम्प्टन गावी हा सोहळा १७ जानेवारीला होतो. मी उत्तरी कळवले की आमच्याकडे कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसते. आवळाही पहिल्या घासाला तुरट, पण वर पाणी प्यायले की गोड.

सुट्टी संपवून शाळेत आलो तेव्हा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर होता. सातवीतल्या एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर मी जाण्यापूर्वी लाल शाईने लिहून गेलो होतो: 'इतिहासात गती नाही.' मी त्याला बोलावून घेतले. चौकशी करता कळले, की वडिलांच्या आजारपणात तो पहाटे दूध घालायला जाई आणि माझा तास पहिला असे. डुलक्या घेत त्याने जो शिवकाल ऐकला, त्यावरून मी त्याची गती ठरवली होती.

मी त्याच्यासमोर तो शेरा खोडला आणि वर्गाच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास चौथा करून घेतला.